टकोबाचा वाव

एका जंगलात, जिथे नेटवर्क अजून पोहोचलं नव्हतं पण पॅकेज पोहोचलं होतं, टकोबा नावाचा सुतारपक्षी राहत होता. मोबाइल खाली ठेवा रे बाळांनो, पुन्हा सांगायला लावू नका.

टकोबाचं काम साधं होतं. झाडावर चोच मारायची, आवाज ऐकायचा आणि सांगून मोकळं व्हायचं. "भरीव आहे, राहा खुशाल." नाहीतर, "पोकळ आहे, निघा." भीडभाड नाही. त्याला विचारल्याशिवाय जंगलात कोणी घरट्याची काडी ठेवत नसे. बदल्यात कोणी उंबर द्यायचं, कोणी अळ्या. भागत होतं. पण त्याची बायको मंजुळा अंड्यांवर बसली होती, आणि तिची बहीण मोठ्या जंगलात दिली होती.

"भावोजींकडे बघा जरा," मंजुळा म्हणायची. "फांदी बदलली की पॅकेज वाढतं त्यांचं. तुम्ही आपले जन्मभर ठोकत बसा!"

अशात 'सरडे, सरडे आणि सरडे, सल्लागार' या कंपनीचं बोलावणं आलं. थोरले सरडे मुलाखत घेता घेता रंग बदलत म्हणाले, "टकोबा, चोच चांगली आहे तुमची. भाषा तेवढी सुधारा. पोकळ हा शब्द आपल्याकडे चालत नाही."

"मग झाड पोकळ निघालं तर?"

"वाव आहे, म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"राम राम! खोटं कशाला? आत जागा आहे ना? मग वावच की तो!"

टकोबाला हे पटलं नाही. पण पॅकेज पटलं.

पहिलंच काम माकडांच्या जांभळीचं. चोच मारली तर आतून ठप्प आवाज आला. "वाव आहे," टकोबा कसाबसा म्हणाला. माकडं खूश झाली आणि त्यांनी सगळ्या भाऊबंदांना राहायला बोलावलं. पुढच्या वाऱ्याला जांभूळ आडवी झाली आणि माकडं कमरेला हळद लावत बसली. टकोबा शरमेने अर्धा झाला. थोरले सरडे म्हणाले, "वाव होता, तो त्यांनी वापरला. आपण काय करणार?" आणि टकोबाला बढती दिली.

मग काय, टकोबाची चोच सरावली. उठता वाव, बसता वाव.

इकडे घरी दोन पिल्लं झाली होती, गोजिरवाणी, अजून पंख न फुटलेली. एका संध्याकाळी मंजुळा म्हणाली, "अहो, आपलं घरटं आहे ती सावर हल्ली कुरकुरते हो. मला भीती वाटते. जरा ठोकून बघता?"

टकोबाने चोच मारली. ठप्प! पोकळ आहे, निघा, असं ओरडायला त्याने चोच उघडली आणि बाहेर पडलं, "वाव आहे."

"देव पावला!" मंजुळा म्हणाली. "मग आईलाच बोलावून घेते राहायला."

"अगं, नाही! म्हणजे भरपूर वाव आहे! भयंकर वाव आहे!"

"किती गुणाचे हो तुम्ही!"

बुंधा कडकडला. टकोबाने बोलायचा नाद सोडला. एक पिल्लू चोचीत धरलं आणि उडाला. "अहो, डोकं फिरलं का तुमचं?" म्हणत मंजुळा दुसरं घेऊन त्याच्या मागे झेपावली. मागे सावर कोसळली.

दोघांनी पिल्लं शेजारच्या झाडावर ठेवली. मग मंजुळा रडत म्हणाली, "हे आधी तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगायला वाव होता," टकोबा म्हणाला, आणि त्यालाही रडू फुटलं.

एवढ्यात वरून 'घारे फायनान्स'च्या घारेबाई उतरल्या. "स्वतःचं घर पडतानाही वाव म्हणालात! असाच पक्षी हवा होता. दुप्पट पॅकेज देते. आमची कंपनी मायाळू आहे हो. घार उडे आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी."

"कोणाच्या पिलांपाशी?" मंजुळाने विचारलं.

"ते म्हणीत दिलेलं नाही," घारेबाई म्हणाल्या.

टकोबा मान खाली घालून रुजू झाला. घर नवं बांधायचं होतं ना! नव्या पॅकेजात त्याने सागाचं झाड पसंत केलं आणि मोठ्या ऐटीत मंजुळाला दाखवलं. "ठोकून सांगू, कसं आहे?"

"नको," मंजुळा म्हणाली. तिने पिल्लं बाजूला ठेवली, पुढे झाली आणि स्वतःच चोच मारली.

तात्पर्य: झाड पोकळ असेल तर गावाला वाव सांगावा, आपलं झाड मात्र बायकोकडून ठोकून घ्यावं.