मानाची गोळी

न्याय कसा करावा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! गणपतीतली संगीत खुर्ची असो की पार्किंगची जागा, आमच्या सोसायटीतले लोक सरळ माझ्याकडे येतात. मी निकाल दिला की दोन्ही पक्ष सारखेच नाराज होऊन जातात. याहून समान न्याय कुठे मिळतो, सांगा!

त्यामुळे आमच्या रायफल क्लबने अति-लांब पल्ल्याच्या नेमबाजीची स्पर्धा ठरवली, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी छाती ठोकून म्हणालो, "एकही तक्रार येणार नाही. आली तर ढोमणे नाव लावणार नाही!"

आता अति-लांब म्हणजे किती? परदेशात लोक दोन-दोन किलोमीटरवर नेम धरतात म्हणे. आमची रायफल पॉइंट टू टूची. ती बिचारी पन्नास मीटरसाठी जन्माला आलेली. तिला आम्ही चारशे मीटरवरची लोखंडी पाटी वाजवायला सांगणार होतो. तेवढ्या अंतरात गोळी तीन-चार मजले खाली येते, आणि वारा असला तर हातभर, दोन हात बाजूला सरकते. म्हणजे पाटी वाजवायची तर नेम पाटीवर धरायचाच नाही! तो धरायचा वर आभाळात, वाऱ्याच्या अंदाजाने जरा बाजूला. पुढे देवाची मर्जी.

जागा माझ्या सासऱ्यांची, मनोहररावांची. कळमेश्वरच्या पुढे गिट्टीची बंद पडलेली खदान. मागे उंच कडा असल्यामुळे पोलिसांची परवानगीही मिळालेली. आम्ही आठ सभासद दर रविवारी तिथे पोटावर पडून असायचो. खरं सांगतो, आठवड्यात तेवढी एकच जागा होती, जिथे मी पडलेला असताना कुणी "उठा" म्हणत नसे. माझा जीव होता त्या खदानीवर.

पण मामाजींच्या डोक्यात लॉन शिरलं. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) नागपुरात हल्ली चार खुर्च्या मावतील एवढी जागा दिसली की माणूस तिथे लग्नाचं लॉन टाकतो!

"जवाईबापू, आठ लोकं झोपून राहतात तिथं," मामाजी म्हणाले. "तेवढ्या जाग्यात आठशे लोकं जेवतीन!"

"मामाजी, क्लब वाढवतो ना आपण! मोठी स्पर्धा घेऊ. तुम्ही प्रमुख पाहुणे!"

प्रमुख पाहुणे म्हटल्यावर मामाजी जरा विरघळले. "घ्या मंग. पण लोकं आले पाह्यजे. अन् माह्या जाग्यात भांडण नाही पाह्यजे. एक जरी भांडण झालं, तं दुसऱ्या दिवशी जेसीबी!"

म्हणजे गर्दी हवी आणि भांडण नको. नागपुरात! मी कामाला लागलो.

पहिली तक्रार भावनाची. ती मौद्याची, तिथल्या वीज केंद्रात इंजिनियर आणि आमच्या क्लबची सगळ्यात चांगली नेमबाज. ती क्लबचीच जुनी रायफल वापरते. तिचा राग हर्षितवर. हर्षित धरमपेठेतला दातांचा डॉक्टर. त्याच्या दुर्बिणीकडे पाहिलं की दुर्बिणीलाच रायफल जोडलीय असं वाटे.

"सर, त्याच्या दुर्बिणीतून पाटीवरची माशी दिसते," भावना म्हणाली. "माह्या दुर्बिणीतून पाटीच दिसत नाही. हे बराबर आहे काय?"

बरोबर नव्हतंच. मी तिथल्या तिथे निकाल दिला. सगळे क्लबच्या एकाच रायफलीने खेळतील!

लगेच हर्षितचा फोन. "सर, ये तो गलत बात है! ते मशीन भावनाच्या हातचं आहे. मले तं त्याचा ट्रिगर कुठं आहे तेही माहीत नाही!"

यावर मी त्याच रायफलीला हर्षितची दुर्बीण बसवली. रायफल तिची, दुर्बीण त्याची. दोघंही सारखेच नाराज!

"अन् सकाळी हवा पडलेली राहते," हर्षित पुढे म्हणाला. "पहिले खेळन त्याची चांदी!"

"चिठ्ठ्या टाकू."

"अन् कोणी गोळी झाडून म्हणन, 'ही सरावाची होती, मोजू नका,' तं?"

मी क्षणभर विचार केला आणि नियम सांगितला. स्पर्धेच्या दिवशी रेषेवरून सुटलेली प्रत्येक गोळी मोजली जाईल, मग ती कुणाचीही असो! हा नियम सुचला तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी बायकोला, काजलला, दोनदा ऐकवला. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "कुणाचीही म्हणजे?" या बायकांना कायद्याची भाषा कळत नाही!

आपली रायफल आणायची नाही म्हटल्यावर लोकांची रीघ लागली. ज्यांनी आयुष्यात मच्छर मारायच्या बॅटपलीकडे हत्यार धरलं नव्हतं, त्यांनीही नावं दिली. क्लब वाढला! आम्ही त्यांना महिनाभर सुरक्षेचे धडे दिले, आणि मार्चच्या एका रविवारी खदानीत मांडव पडला.

मांडवात मामाजींच्या खुर्चीशेजारी मोठा कूलर लावला होता. मार्चपासून नागपूरकर कूलरशिवाय बसत नाही, मग तो खदानीत का असेना. पाटीपाशी हर्षितने कॅमेरा लावला होता आणि त्याचं चित्र मांडवातल्या पडद्यावर दिसत होतं. मी माइकवरून सगळे नियम खणखणीत वाचले. टाळ्या पडल्या. मग आली आमची रीत. उद्घाटनाचा मान प्रमुख पाहुण्यांचा! क्रिकेटचा सामना असला की आमदार पहिला चेंडू खेळतात, तशी मामाजींनी मानाची पहिली गोळी झाडायची. चुकेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि मग खरी स्पर्धा सुरू होईल!

मामाजी धोतर सावरत रेषेवरच्या गादीवर पालथे पडले. रायफल वाळूच्या पिशवीवर पक्की बसवलेली. अंदाजाने नेम मीच लावून दिला, बाजूला उभा राहिलो आणि म्हणालो, "मामाजी, हलकेच दाबा."

"दाबतो. पण जवाईबापू, कूलरमंदी पाणी टाकलं काय? गरम हवा काहून येऊन राह्य—"

ठो!

दुरून आवाज आला. टण्ण!

पडद्यावर पाटी झोके घेत होती. मधोमध पांढरा ठिपका. मामाजी मान वर करून म्हणाले, "काय झालं?"

"लागली, मामाजी!"

"कोणाले?"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मीही हसलो. ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसू!

कारण स्पर्धा सुरू झाली, वारा उठला, आणि पाटी पुन्हा वाजेना. हर्षितने वारा मोजायचं यंत्र काढलं, बोट ओलं करून वर धरलं, तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही कड्याला अर्पण केल्या. त्याने कूलरकडे बोट दाखवलं. "सर, उसकी हवा इधर आ रही है!" मी कूलर बंद केला. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांचा प्राणवायूच काढला. नवखे आले, गेले. भावनाची तिसरी गोळी मात्र पाटीच्या खांबाला लागली. खांब हलला, पाटी हलली, पण ठिपका खांबावर! बाकी कुणाची गोळी पाटीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती.

"भावना जिंकली!" मी माइकवर म्हणालो. "सर्वांत जवळची गोळी!"

टाळ्या सुरू झाल्या, तेवढ्यात मामाजी उठले.

"जवाईबापू, अन् माही?"

"तुमची मानाची होती, मामाजी."

"रेषेवरून सुटली होती ना? 'मग ती कुणाचीही असो.' तुमीच वाचलं ना आत्ता माइकवर? का माह्यासाठी येगळा कायदा आहे?"

काजलने माझ्याकडे पाहिलं. ती भाजी चिरत असल्याचा भास मला झाला.

"पण भावनाची खांबाला लागली, मामाजी! खांब पाटीचाच ना!"

"वा! चौकटीले हात लावला म्हणजे मानूस घरात आला काय?"

"सर, त्यायनं तं नेमही धरला नव्हता!" भावना पुढे आली. "नेम तुमी लावून देल्ला!"

"कोन म्हणते नेम नव्हता? कूलरची हवा मोजून राह्यलो होतो मी!"

"वही तो!" हर्षित ओरडला. "त्यायच्या वेळी कूलर चालू होता, बाकीच्यायच्या वेळी बंद! जवाई पंच, सासरे विनर! चिटिंग आहे ही!"

विजेत्याची ढाल मामाजींना द्यावी तर सगळा मांडव पक्षपात म्हणून भांडणार. न द्यावी तर जागेचा मालकच भांडणार. दोन्हीकडून जेसीबी! माझ्या डोळ्यांसमोर खदानीत वरात नाचायला लागली. मी शेवटचा उपाय केला.

"मामाजी, आणखी एकदा झाडता का? सगळ्यांसमोर?"

"लगन लागल्यावर पुन्हा पोरगी पाहाले येते काय कोनी?"

मी काजलकडे हात जोडून पाहिलं. ती उठली.

"बाबा, ऐका," ती म्हणाली. "गोळी तुमची लागली, ते सगळ्यांनी पाह्यलं. पण जागा तुमची, अन् पंच तुमचा जवाई. लोकांले कसं पटन सांगा बरं?"

मामाजी विचारात पडले. पार खाली मान घालून. मला भरून आलं. म्हातारा मनाचा मोठा, ढाल सोडणार! मी माइक त्यांच्यासमोर धरला.

"पोरगी खरं बोलून राह्यली," मामाजी म्हणाले. "जागा माही, अन् पंचही माह्याच घरचा. हे बराबर नाही. यातलं एक काढाच लागन." त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. "जागा तं काढता येत नाही. जवाईबापू, तुमी राजीनामा द्या!"

असा टाळ्यांचा कडकडाट मी त्या खदानीत कधी ऐकला नव्हता! हर्षितने शिट्टी मारली. सर्वानुमते भावना सेक्रेटरी झाली आणि तिने पहिला निकाल दिला, "नियम म्हणजे नियम, ढाल मनोहररावांची. पन आजपासून कोण्याच खेळणाऱ्याचा नातेवाईक रेंजमंदी येणार नाही." मामाजींनी ढाल छातीशी धरून अनुमोदन दिलं. इतका न्याय एका दिवसात मी जन्मात पाहिला नव्हता. एकही माणूस नाराज नव्हता. म्हणजे, मी सोडून.

लॉन रद्द झालं. मामाजी क्लबचे पक्के सभासद झाले आणि दर रविवारी खेळतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मीच नेतो. ते आत जातात, मी खेळणाऱ्याचा नातेवाईक, म्हणून फाटकाबाहेर गाडीत बसून राहतो. ठो ऐकू येतं, पुन्हा ठो, पुन्हा ठो. टण्ण मात्र त्या दिवसानंतर अजून एकदाही ऐकू आलेलं नाही. आणि कळमेश्वरपासून घरापर्यंत, सबंध रस्ताभर, मामाजी मला समजावत असतात की हवा मोजायची कशी!