पुन्हा होऊ नये म्हणून

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी विश्वनाथ रणनवरे यांनी ओनुमा-सानची मेल वाचली, तिला जोडलेली फाइल उघडली, आणि एसीच्या गारव्यात त्यांना दरदरून घाम फुटला.

ओनुमा-सान म्हणजे टोकियोतल्या एका विमा कंपनीचे विभागप्रमुख. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर नवं करून द्यायला पुण्याहून जी मंडळी आली होती, त्यांचं काम यांच्या नजरेखालून जायचं. आणि नजर अशी, की स्वल्पविराम चुकला तरी तो का चुकला हे लेखी द्यावं लागे. मेलमध्ये लिहिलं होतं, 'रणनवरे-सान, साप्ताहिक अहवाल मिळाला. तीन घटना नोंदवलेल्या दिसतात. तिन्हींपुढे मूळ कारण आणि पुन्हा होऊ नये म्हणून उपाय हे दोन रकाने रिकामे आहेत. बुधवारी दहाच्या बैठकीपूर्वी भरावेत.'

अहवाल रणनवरे यांनी शुक्रवारी पाठवला होता खरा. पण जो पाठवायचा होता तो कामाचा होता. जो गेला तो त्यांच्या पापांचा होता.

आता हे जरा नीट सांगायला हवं. रणनवरे मूळचे नगरचे. आजोबा ख्रिस्ती झाले तरी घरात नावं बदलायची हौस कुणाला नव्हती, त्यामुळे विश्वनाथ विश्वनाथच राहिले. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांनी मुलाला एक सवय लावली. आठवडा संपत आला की त्यातल्या चुका वहीत लिहायच्या आणि रविवारी उपासनेत देवापुढे ठेवायच्या. ती अंगात मुरली. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस नवं काही शिकतो ते बहुधा गुडघ्याचे व्यायाम. पण हे गृहस्थ दोन हजार पाच साली जपानला आले आणि त्यांनी एक्सेल शिकायचं मनावर घेतलं. सराव व्हावा म्हणून वही एक्सेलमध्ये आणली. लॅपटॉपवर मराठी लिहायची सोय नव्हती म्हणून इंग्रजीत लिहू लागले, आणि रकाने आखायला नकोत म्हणून साप्ताहिक अहवालाचाच कोरा नमुना वापरला. घटना, कितवी वेळ, सद्यस्थिती, मान्यता. सगळं कसं चपखल बसलं. फाइलींची नावंही मग जुळ्या भावांसारखी झाली, आणि शुक्रवारी घाईत नको तो भाऊ बोहल्यावर चढला.

फाइलीत तीन ओळी होत्या. पहिली, पत्नीवर चिडलो, कचऱ्यावरून, अकरावी वेळ, क्षमा झाली, मान्यता, लॉर्ड. दुसरी, बैठकीत समजलं नसताना 'समजलं' म्हणालो, एकेचाळिसावी वेळ, क्षमा झाली, मान्यता, लॉर्ड. तिसरी, सहकाऱ्याचं श्रेय माझ्या नावावर राहू दिलं, पहिली वेळ. तिच्यापुढचे रकाने मात्र कोरे होते.

ही तिसरी ओळ सात आठवडे रणनवरे यांना बोचत होती. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या ग्राहकांचा हप्ता नव्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वर्षं येतच नाही, ही चूक टीममधल्या विभाने शोधली होती. विभा सव्वीस वर्षांची, पुण्याची, कामात वाघ. तिने ती रणनवरे यांना जिन्यात सांगितली, यांनी बैठकीत सांगितली. पुढच्याच वाक्यात ते विभाचं नाव घेणार होते. पण त्याआधीच ओनुमा-सान खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकले. समोरचा वाकला की आपण वाकायचं एवढं जपानी रणनवरे यांना येत होतं. तेही वाकले, आणि सरळ होईपर्यंत नाव घ्यायचं राहून गेलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ऑक्टोबरपासून पुढच्या टप्प्यासाठी एकाच भारतीयाला ठेवायचं होतं, आणि ओनुमा-साननी त्या जागी रणनवरे यांचं नाव लिहिलं. विभा सप्टेंबरअखेर परत जायची होती. तिने जपानी भाषेच्या परीक्षेचा अर्ज भरला होता, तो वाया जाणार होता. रणनवरे परत गेले असते तर निवृत्तीपर्यंतचं वर्ष त्यांना पुण्यात कोपऱ्यातली खुर्ची आणि लोकांच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायचं काम मिळालं असतं. देवाजवळ क्षमा मागायची सोय होतीच. पण जिचं घेतलं तिला न सांगता वर जाणं म्हणजे रांग मोडून साहेबाला भेटणं, असं त्यांना वाटे. म्हणून ती ओळ दर आठवड्याला नव्या फाइलीत तशीच उतरत होती.

रणनवरे तडक ओनुमा-सानच्या टेबलापाशी गेले.

"माफ करा. चुकीची फाइल आली. ती माझी खाजगी आहे."

ओनुमा-साननी चष्मा सारखा केला. "चुकीची फाइल ग्राहकाला पाठवली गेली?"

"हो."

"मग ही चौथी घटना." त्यांनी वहीत टिपून घेतलं. "आणि खाजगी मजकुरासाठी अधिकृत नमुना वापरला?"

"हो."

"पाचवी."

एका वाक्याला एक ओळ या दराने मजकूर वाढतोय हे पाहून रणनवरे यांनी तोंड मिटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"एक शंका," ओनुमा-सान म्हणाले. "मान्यता देणारे हे लॉर्ड-सान. माझ्या यादीत त्यांचं नाव नाही. पुणे ऑफिसचे का?"

"नाही. ते त्याच्याही वर असतात."

"हेड ऑफिस," असं पुटपुटत तेही लिहिलं गेलं. "बैठकीला फोनवर उपलब्ध होतील?"

"ते हजर असतातच," रणनवरे म्हणाले. खोटं बोलायचं नाही हा नियम त्यांनी अशा अडचणीतही सोडला नाही, याचं कौतुक करायला तिथे कुणी नव्हतं म्हणून आपण करू.

ओनुमा-सान समाधानाने मान हलवत म्हणाले, "तिसऱ्या घटनेला मान्यता नाही आणि सहकाऱ्याचं नावही नाही. अशी नोंद लिहिणारा बैठकीपर्यंत मागे घेऊ शकतो. तसा नियम आहे."

झालं. बाकी चार घटनांतून सुटका नव्हती, आणि जिच्यामुळे झोप उडाली होती तीच नेमकी पुसून टाकायला वरून परवानगी मिळाली. रणनवरे यांनी विभाला फोन करून मोकळं व्हायचं ठरवलं. पण विभा सेंदाईला, तिथल्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या बहिणीकडे गेली होती आणि बुधवारी सकाळीच उगवणार होती. मोबाइल लागेना. लागला नाही याचं रणनवरे यांना जरा बरंच वाटलं, आणि तसं बरं वाटलं याचं वाईट वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी टोकियोतल्या फुनाबोरीच्या घरी ते अहवालाचा छापील फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर ज्योत्स्नाबाई भेंडी चिरत होत्या. मूळ कारण शोधायला पाच वेळा 'का' विचारावं, अशी फॉर्मखाली सूचना होती.

"मागे घेता येते ना तिसरी? मग घ्या की," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. नवऱ्याला जोखायचं असलं की त्या असाच सल्ला देत.

"घेववत नाही."

"मग मी विचारते. त्या मुलीचं श्रेय का घेतलंत?"

"घेतलं नाही गं. ओनुमा-सान वाकले, मी अडवलं नाही."

"का नाही अडवलंत?"

"इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी शाबासकी दिली."

"पहिल्यांदाच का?"

रणनवरे यांनी पेन खाली ठेवलं. "मला ते नवीन काम नीट येत नाही, ज्योत्स्ना. तीस वर्षं जुन्या मशीनवर काढली. ही पोरं बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं."

"येत नाही तर विचारत का नाही?"

"विचारायचं तर विभाला. सगळ्यात जास्त तिलाच येतं."

"मग तिला का नाही?"

"माझे केस पिकलेत आणि ती सव्वीस वर्षांची आहे," रणनवरे म्हणाले. "लाज वाटते."

"लिहा. मूळ कारण, लाज." ज्योत्स्नाबाईंनी भेंडी कढईत लोटली. "झाले पाच. जपान्यांनी याला फॉर्म काढलाय. मी बत्तीस वर्षं फुकटात करतेय."

रणनवरे यांनी लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे बघत राहिले. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. एकेचाळीस वेळा त्यांनी क्षमा मागितली होती, एकेचाळीस वेळा ती मिळाली होती. पुढे काय करणार हे देवाने विचारलं नव्हतं असं नाही. क्षमा मिळाली की हेच फाइल बंद करून जेवायला घरी येत होते. एवढ्या वर्षांच्या उपासनेत जे ध्यानात आलं नव्हतं ते एका विमा कंपनीच्या रकान्याने आणून दिलं, आणि त्याचा त्यांना राग येण्याऐवजी आनंद झाला. मोठा माणूस तो हाच, असं माझं मत आहे.

बुधवारी विभाला दारातच गाठून सांगायचं असा बेत होता. पण सेंदाईहून सुटलेली शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, वेळेवर आली, पुढची गाडीही वेळेवर आली, आणि विभा दहाला एक मिनिट असताना मिठाईचा खोका घेऊन थेट बैठकीच्या खोलीत शिरली. दहाला ओनुमा-साननी दार लावलं. पडद्यावर पाच ओळी झळकल्या.

"सर, हे काय?" विभा कुजबुजली.

"माझा अहवाल."

"'पत्नीवर चिडलो' असं लिहिलंय."

"हो. तोच."

ओनुमा-साननी पहिल्या घटनेपासून सुरुवात केली. कचऱ्याची पिशवी इमारतीतून परत का आली, इथपासून चौकशी झाली. बाटलीचं झाकण न काढता रणनवरे यांनी ती जाळायच्या कचऱ्यात टाकली होती आणि बोलणी बायकोला बसली होती. उपाय, यापुढे कचरा ते स्वतः वेगळा करतील.

"झाकण?"

"वेगळं."

"उत्तम," ओनुमा-सान म्हणाले. "दुसरीचा उपाय तिसरीसोबत, असं लिहिलंय. तिसरी मागे घेणार?"

रणनवरे उभे राहिले. "नाही. एकोणतीस फेब्रुवारीची चूक मी शोधली नाही. विभा-सानने शोधली. तुम्ही जिच्यापुढे वाकायला हवं होतं ती ही. ऑक्टोबरची जागाही हिची आहे." मग ते मराठीत वळले. "विभा, मी चुकलो. मला माफ कर."

विभा टेबलाकडे बघत होती.

"मला माहीत होतं, सर. बैठकीचं इतिवृत्त सगळ्यांना येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटत होतं. सुरुवातीला रोज वाटायचं." तिने मिठाईचा खोका बाजूला सरकवला. "नंतर वाटायचं बंद झालं."

रणनवरे यांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. मूळ कारण, लाज. उपाय, रोज सकाळी अर्धा तास विभाकडून शिकणे, ती तयार असल्यास. विभाने तो वाचला, पुन्हा वाचला.

"शिकवीन," ती म्हणाली. "पण गृहपाठ देणार. आणि चुकलं तर लाल पेन वापरणार."

"वापर."

दोघांचं काय ठरलं ते कळल्यावर ओनुमा-साननी ऑक्टोबरच्या यादीत नाव बदललं, विभाकडे वळले आणि नीट वाकले. मग म्हणाले, "मान्यतेचं राहिलं. लॉर्ड-सान?"

"त्याआधी हिची लागते," रणनवरे म्हणाले.

विभाने कीबोर्ड ओढला, वरच्या ओळीतले 'क्षमा झाली' हे शब्द उचलले आणि तिसऱ्या ओळीत चिकटवले. "हे असं कॉपी करायचं, सर," ती म्हणाली. "पहिला धडा झाला."

पुढचे तीन महिने रणनवरे रोज साडेआठला वही घेऊन विभासमोर बसले. लाल पेनने वही रक्तबंबाळ झाली. पहिल्यांदा बैठकीत ते "समजलं नाही" म्हणाले तेव्हा खोली दचकली. सहाव्यांदा कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या ओळीतला आकडा एकेचाळीसवरच थांबला. सप्टेंबरमध्ये विभाने त्यांची परीक्षा घेऊन शंभरपैकी बहात्तर दिले आणि तो कागद रणनवरे यांनी पाकिटात ठेवला.

शेवटच्या शुक्रवारी ओनुमा-सान त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार उघडलं तरी वाकले नाहीत. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला. त्यावर एकच ओळ होती. 'रणनवरे-सानचं इंग्रजी समजलं नसताना समजलं असं म्हणालो. सव्विसावी वेळ. मूळ कारण, लाज.' पुढचे दोन रकाने कोरे होते.

"माझ्याकडून केव्हाच झाली क्षमा," रणनवरे सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाले.

"आभारी आहे." ओनुमा-साननी लिफ्टचं बटण दाबून धरलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते. "एक शंका. घरच्याही काही नोंदी आहेत. जुन्या. हे लॉर्ड-सान बाहेरच्या लोकांच्या घेतात का?"

"घेतात. रविवारी साडेदहाला, फुनाबोरी स्टेशनजवळच्या चर्चमध्ये. मी सोमवारी निघतोय, तेव्हा मीही असेन."

ओनुमा-साननी वही उघडली, वेळ लिहिली, स्टेशन लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "किती प्रती आणू?"