मास्तरांची टेहळणी मोहीम

"या रविवारी बघच तू! पोराशी असा बोलतो की त्याचा साहेबसुद्धा चाट पडेल!" मास्तरांनी बायकोला बजावलं.

मास्तर म्हणजे शिंपी. मुलगा सैन्यात, ड्रोनच्या तुकडीत. दर रविवारी पाच वाजता त्याचा दहा मिनिटं फोन यायचा. "जेवलास?" "जेवलो." "थंडी?" "आहे." तिसऱ्या मिनिटाला बापलेकांचे शब्द संपायचे आणि उरलेली सात मिनिटं आई रडून भरून काढायची. आपल्याला त्याच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पोरगा दुरावतोय, हे मास्तरांच्या मनाला फार लागलं होतं.

मग आठवडाभर बातम्या पाहून त्यांनी शब्द घोकले. टेहळणी, पल्ला, पेलोड! बायकोनं ताट वाढलं की म्हणायचे, "रसद पोहोचली!"

"पोहोचली ना? मग गिळा आता!"

रविवारी दुपारी, पोराला सांगायला स्वतः केलेली टेहळणी हवी म्हणून त्यांनी समोरच्या फोटोग्राफरचा ड्रोन मागून आणला. त्याचा कॅमेरा मोडला होता. मास्तरांनी झटपट एक पिशवी शिवली, कॅमेऱ्याऐवजी घरातला एकुलता एक फोन तिच्यात घातला आणि ती ड्रोनच्या पोटाला बांधली.

"आघाडीवर असंच करतात. हाताशी असेल त्याचं शस्त्र!"

"मास्तर, एवढं वजन झेपायचं नाही," फोटोग्राफर म्हणाला.

"वजन नाही, पेलोड म्हणा!"

ड्रोन उडाला, घेरी आल्यासारखा दोनदा डोलला आणि दुकानाच्या पत्र्यावर जाऊन उताणा पडला. पाचला सात मिनिटं कमी होती.

"अहो, फोन कुठाय?" बायको दारात आली.

मास्तरांनी वर बोट दाखवलं.

पुढे ती जे बोलली ते कुठल्याच लष्कराच्या शब्दकोशात नसेल! पत्रा माणसाचं वजन घेणारा नव्हता. मास्तर आणि फोटोग्राफर अस्तराचं कापड ताणून खाली उभे राहिले आणि बायको स्टुलावर चढून कपडे वाळत घालायच्या काठीनं ड्रोन ढकलू लागली. तेवढ्यात वर फोन वाजला. मास्तर खालून ओरडले,

"डावीकडे! लक्ष्य डावीकडे!"

"तुम्ही तोंड मिटा आधी!"

फोन वाजून वाजून थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण काठी थांबली नाही. शेवटी सगळं धप्पकन अस्तरात पडलं आणि फोन पुन्हा वाजला. मास्तरांनी झडप घातली.

"बाबा, किती वेळ! तुमच्याशीच बोलायचं होतं. थंडीत ड्रोनच्या बॅटऱ्या गारठतात, म्हणून त्यांना पिशव्या शिवायच्यात. शिंप्याचा पोरगा म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं! पण कोपरे उसवतायत हो. काय करू?"

घोकलेलं सगळं विसरून मास्तर म्हणाले, "टाका केवढा घेतलायस?"

मग दोरा, सुई, दुहेरी शिलाई, कोपऱ्यातली पट्टी... मास्तर जे सुटले ते सुटलेच! मध्येमध्ये पोरगा चक्क हसत होता. शेजारी बायको हात पुढे करून उभी आहे, याचं त्यांना भानच नव्हतं.

"घे, आईशी बोल," म्हणेपर्यंत दहा मिनिटं संपली होती.

पुढच्या रविवारपर्यंत बायको त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. मास्तरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण हे तिला सांगायची छाती मात्र त्यांच्यात नव्हती!