शाफ्टची खाजगी बाब

जर्मनीत नेकार नदीकाठच्या एका कागद कारखान्यात तीन नंबरच्या यंत्राच्या शाफ्टवर नवा सेन्सर बसवण्यात आला. शाफ्ट गरगर फिरत असतानाच त्याला किती पीळ बसतोय, म्हणजे टॉर्क किती, ते पडद्यावर दिसणार होतं. शाफ्टपासून हातभर अंतरावर रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या गेर्नोट व्हीडमनला हायसं वाटलं. शाफ्ट महिनाभर कण्हत होता आणि तुटला तर आधी त्यालाच गाठणार होता.

दुसऱ्याच दिवशी कामगार मंडळाच्या हासेनफ्रात्सबाई हरकत घेऊन आल्या. आकडा चढला की तेव्हा यंत्रावर कोण होतं ते कळतं. सबब, ही कामगारावर पाळत.

"अहो बाई, तो शाफ्टला मोजतोय, मला नाही!" गेर्नोट म्हणाला.

"तुम्हाला तुमचे हक्क कळत नाहीत, म्हणून तर आम्ही आहोत," बाई मायेनं म्हणाल्या. जळली मेली ती माया!

गोपनीयता अधिकारी डॉ. ब्रेम यांनी तोडगा काढला. सेन्सरने मोजावं, कोणी पाहू नये. पडद्यावर करडा पुठ्ठा चिकटला. आकडे सीलबंद पाकिटात गेले. धोक्याचा लाल दिवा एकाच पाळीत पेटला तर त्या पाळीची बदनामी, म्हणून तो समतेच्या तत्त्वानुसार तिन्ही पाळ्यांत कायम पेटता ठेवण्यात आला.

"डॉक्टरसाहेब, शाफ्ट आज फारच ओरडतोय. पुठ्ठा जरा उचलू?"

"कोणाच्या संमतीने?"

"माझ्याच! आकडा माझ्याच पाळीचा ना?"

"मग अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर मिळेल."

पुठ्ठा चिकटपट्टीने लावलेला, नखाने निघाला असता, आणि आसपास कोणी नव्हतं. पण गेर्नोट रिकामा रस्तासुद्धा लाल सिग्नलला कधी ओलांडत नसे. त्याने अर्ज भरला.

अर्जानंतर बाविसाव्या दिवशी शाफ्ट तुटला आणि गेर्नोटच्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेला. चौकशीत पाकीट उघडलं. सेन्सर एकोणीस दिवस धोका बिनचूक नोंदवत होता. त्याला अचूकतेचं प्रशस्तिपत्र मिळालं.

तिसाव्या दिवशी इस्पितळात मंजुरी आली: सही करून आकडे पाहावेत. गेर्नोटने डाव्या हाताने सही केली. ती जुळली नाही. अर्ज फेटाळला गेला.

हसा, खुशाल हसा. फक्त तुमच्या गाडीत गेल्या दिवाळीपासून जो पिवळा दिवा पेटलाय, त्याच्यावर कुठल्या डॉक्टर ब्रेमने पुठ्ठा लावलाय, तेवढं सांगा.