वरच्या चारांची परवानगी

अमलापुरमच्या सोमयाजुलुंना उगादीच्या मंडपात अष्टावधान करायचं होतं, आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. चाळीस वर्षं ते व्यासपीठावर आठ विचारणाऱ्यांना एकाच वेळी झेलत आले होते. कुणी कवितेची अर्धी ओळ टाकी, कुणी एखादं अक्षरच वर्ज्य करी, कुणी मुद्दाम फालतू गप्पा मारी, एक जण मधूनच घंटा वाजवी. शेवटी सोमयाजुलु ज्याचं त्याला परत करत, घंटेच्या आकड्यासकट. यंदा मात्र सांस्कृतिक कार्यालयाने नियम काढला.

"माणसाच्या डोक्यात एका वेळी चारच गोष्टी मावतात, असा तज्ज्ञांचा अहवाल आहे," तिथले अप्पलनायुडू साहेब म्हणाले. "तुम्ही आठ बसवता. अहो, रिक्षात जादा माणसं कोंबली तर दंड होतो. वरच्या चारांची परवानगी कुठंय?"

"ती कोण देतं, अय्या?"

"मीच. पण अजून कुणाला दिलेली नाही."

फोन तीनदा वाजला. साहेबांनी तो घेतला, जावयाच्या गुडघ्याची चौकशी केली, खाली ठेवला. "हं, कुठे होतो आपण?"

"वरच्या चारांपाशी."

"हां. डोक्यात चारच ठेवतो असं सिद्ध करा, आत्ता शिक्का मारतो."

उगादी परवावर आली होती. मंडपाबाहेर उभं राहून दुसऱ्याचं अवधान ऐकायचं, या कल्पनेनेच म्हाताऱ्याला रडू येत होतं. त्यांनी ठरवलं, आज विसरायचं.

साहेब एकेक गोष्ट ऐकवू लागले: अंबाडीची जुडी, फाईलचा नंबर, साडूच्या गावाचं नाव. मध्येच फोन दोनदा वाजला. सातव्या गोष्टीला साहेब स्वतःच अडखळले, पहिली कोणती तेही त्यांना आठवेना. सोमयाजुलुंनी ती सांगायला सुटलेली जीभ चावली. मग पडेल आवाजात चारच गोष्टी परत केल्या आणि म्हणाले, "पुढचं गेलं बघा."

"वा, नियमात बसलात." साहेबांनी शिक्का शाईवर टेकवला. फोन एकदा वाजून थांबला. "जीव खाल्ला या फोनने. तुम्ही आल्यापासून किती वेळा वाजला असेल हो?"

चाळीस वर्षांची सवय. आकडा तोंडातून निघून गेला, बिनचूक.

"म्हणजे ही पाचवी गोष्ट," साहेब म्हणाले, आणि शिक्का खणात गेला.

तो आकडा मी इथे सांगत नाही. वाचकहो, फोन तुमच्यादेखतच वाजला. येतो सांगता? नाही ना? मग लाजू नका. मंडपात एक जागा रिकामी झाली आहे, आणि तुमचा अर्ज मंजूर आहे.