बनसोडे भाऊसाहेबांचे नामंजूर चाकू

नवा चाकू हातात आला की बनसोडे भाऊसाहेब सगळ्यात आधी त्याचा वास घेत.

सोलापूरच्या कार्यालयात माझी बदली झाली, त्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं. समोरच्या टेबलावर पन्नाशी ओलांडलेले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ लाकडी मुठीचा घडीचा चाकू नाकाशी धरून, डोळे मिटून बसले होते. मग तो त्यांनी कानाशी नेला. मग डाव्या हातात धरून, उजवा हात पाठीमागे घेऊन, अंगठ्यानं पातं उघडायची खटपट केली. पातं काही हललं नाही. त्यांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, चिठ्ठी रबरानं चाकूला बांधली आणि चाकू खणात टाकला. मी घाबरून शेजारच्या शिंदे मॅडमकडे पाहिलं. त्या फाईलमधून मान वर न काढता म्हणाल्या, काही नाही, भाऊसाहेबांनी नवीन चाकू आणलाय.

महिन्याभरात मलाही त्याचं काही वाटेनासं झालं. भाऊसाहेब जमिनींच्या नोंदी बघत. कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाजाराच्या दिवशी मात्र जेवणाच्या सुट्टीत गायब होत आणि वीस-तीस रुपयांचा घडीचा चाकू घेऊन येत. तो खण मी एकदा पाहिला आहे. प्रत्येक चाकूला चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात शेरा. ‘आवाज मोठा, काम कमी.’ ‘दिसायला देखणा, पाठीचा सैल.’ ‘पहिल्याच भेटीत बोट कापले. विश्वास ठेवण्याजोगा नाही.’ ‘मूठ गुळगुळीत, घामाने निसटेल, सबब नामंजूर.’ आमच्या साहेबांचे गोपनीय अहवालही इतक्या मनापासून लिहिलेले नसायचे.

दोन दिवस वापरून तरी बघा, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी मान हलवली.

“पयली भेट खरी असती, मॅडम. मागनं माणूस काय न् चाकू काय, सांभाळूनच घ्यावा लागतो.”

माझ्याबद्दल पहिल्या भेटीत काय वाटलं, असं विचारलं तर म्हणाले, मूठ बरी हाय, धार बघू. मी ती तारीफ समजले.

त्यांना महागाचा चाकू चालायचा नाही. एका ठेकेदारानं परदेशातून आणलेला, बटण दाबलं की उघडणारा चाकू त्यांच्या टेबलावर ठेवला होता. भाऊसाहेबांनी रुमालानं पुसून तो तसाच परत केला. एकतर ठेकेदाराचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. दुसरं म्हणजे, त्यांच्या मते तो चाकू साहेब होता, घरात रमला नसता.

मागच्या हिवाळ्यात मोजणीच्या कामासाठी आम्हाला दोघांना कार्यालयाच्या जीपनं वैरागला जावं लागलं. काम बाराला उरकलं आणि नेमका बाजाराचा दिवस निघाला. ड्रायव्हर चहाला गेला. रस्त्याकडेला एक लोहारीण पोत्यावर विळे, खुरपी आणि चाकू मांडून बसली होती. भाऊसाहेब तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि एकेक चाकू हुंगायला लागले. तासाभरानं बाईचा धीर सुटला.

“घ्यायचा हाय का नुस्त्या गुदगुल्या करायच्या हायत त्येला?”

भाऊसाहेबांनी शांतपणे विचारलं, एका हातानं उघडंल असा हाय का. डाव्या हातानं.

बाईनं त्यांच्या दोन्ही धडधाकट हातांकडे पाहिलं. मग पोत्याखालून तिनं एक चाकू काढला. तिच्या सासऱ्याच्या पद्धतीचा, म्हणाली, आता कुणी घेत नाही. माझं विचाराल तर मीही घेतला नसता. बाभळीची वेडीवाकडी मूठ, काळपट पातं, तेलाचा उग्र वास. पात्याच्या मागे न्हाव्याच्या वस्तऱ्याला असते तशी चपटी शेपटी बाहेर आलेली. एवढा कुरूप चाकू त्या खणातही नव्हता.

भाऊसाहेबांनी तो डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं शेपटी दाबली. पातं सावकाश बाहेर आलं. मूठ आवळली की शेपटी हाताखाली दाबलेली राहायची, त्यामुळे पातं बोटावर मिटायची भीती नव्हती. त्यांनी चारदा उघडला, चारदा मिटला. वास घ्यायचं विसरले. बाई म्हणाली ती किंमत देऊन उठले.

जीप सोलापूरच्या रस्त्याला लागली. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, वीस वर्षं एका शाळेच्या फाटकाबाहेर पेरू विकले. घडीचा चाकू कायम कमरेला. पोरांसमोर पेरूच्या चार फाका करायच्या, तिखटमीठ भुरभुरायचं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. चालतात, बोलतात, पण तेव्हापासून त्यांनी पेरू खाल्लेला नाही. दुसऱ्यानं चिरलेला गोड लागत नाही म्हणतात.

घरातली सुरी चालणार नाही का, असं मी विचारलं.

“सुरी हाय की. पर ती कमरेला लावून दारात बसता येत न्हाय.”

सोलापूर आल्यावर त्यांनी जरा चाचरत विचारलं, पाच मिनिटं घरी येता का. आधीचे दोन-तीन चाकू त्यांनी दाखवले होते, तेव्हा शांताबाई चिडल्या होत्या. कशाला माझी थट्टा करताय, म्हणाल्या होत्या. पाहुण्यांसमोर चिडणार नाहीत, असा भाऊसाहेबांचा हिशेब होता.

घर दोन खोल्यांचं, लख्ख पुसलेलं. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती. शांताबाईंनी माझी चौकशी केली, मी कुठली, जेवले का. भाऊसाहेबांनी एक पाट आणून ठेवला. पाटावर पेरू रोवायला मधोमध खिळा ठोकला होता. पेरू रोवला आणि चाकू शेजारी ठेवून ते बाजूला उभे राहिले, परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखे.

शांताबाईंनी चाकूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

पहिल्यांदा अंगठा घसरला. दुसऱ्यांदा पातं अर्ध्यावर अडलं. तिसऱ्यांदा त्यांनी मूठ गुडघ्याशी टेकवली, शेपटी दाबली आणि पातं उघडलं. पेरूला पातं लागलं ते मात्र सराईतपणे, एक उभी चीर, एक आडवी. चार फाका पाटावर पडल्या. त्यांनी पहिली मला दिली.

“खावा. मीठ आणू का?”

मी नको म्हटलं. त्यांनी दुसरी फाक उचलून तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

भाऊसाहेब एकदम दाराकडे वळले. नळाला पाणी आलंय का बघतो, म्हणाले, आणि भराभर बाहेर गेले.

शांताबाईंनी घास गिळला.

“पाणी कालच येऊन गेलं,” त्या मला हळूच म्हणाल्या. “बघू दे. येतील जरा वेळानं.”