रोडक्याच्या पोटातले चोर

एका जंगलात एक गवा व्हता, आन् तो मेला. झालं! शेवट सांगून टाकला. आता कशानं मेला ते वळखा. वळखलं तर माझी मिशी उतरवीन. न्हाई वळखलं तर गप ऐकायचं, मधी मुतायला उठायचं न्हाई.

गव्याचं नाव रोडक्या. लांबून बरगड्या मोजाव्यात असा.

त्या जंगलात एक रीत व्हती. दरसाली सिंव्हाचा वैद, कोल्हा, वेल घेऊन यायचा आन् गव्यांच्या छातीची मापं घ्यायचा. ज्याची छाती मोठी तो मानकरी. त्याला झेंडूचा हार, आन् म्हाराजांच्या गुहेत जेवनाचं आवतन. गेलेला मानकरी माघारी येत न्हवता. गवे म्हनायचे, "राजाघरचं ताट सोडून कोन येतंय?"

रोडक्याला हार पायजे व्हता. आतेभाऊ भीम्या खिजवायचा, "तुला मापायला वेल कशाला रं? गवताची काडी पुरती!"

रोडक्या गेला कोल्ह्याकडं. कोल्ह्यानं पुडी दिली. "अमिनो आशिड. गवतात मिसळून खा. मास चढतं, मास!"

"किंमत?"

"फुकट. म्हाराजांची योजना हाय."

तीन म्हैनं खाल्लं. बरगडी काय झाकंना. एक दिस पोटात गलका ऐकू आला, पंगत बसल्यावानी.

"कोन हाय रं आत?"

"आमी पोटातले जंतू, मालक. तुमी गवत गिळता, ते आमी कुजवतो, तवा तुमच्या अंगी लागतं. पावडर तेवढी आमीच खाल्ली. बेस हाय!"

"चोर लेकाचे!"

"चोर म्हना. पर मालक, गेलेला मानकरी कदी माघारी आला?"

"माझ्या हारावर जळता व्हय रं, किड्यांनो?"

तरातरा कोल्ह्याकडं गेला. कोल्हा हासला. "एवढंच ना? चरबीत घोळून गोळी करतो. जंतूंचा दात लागायचा न्हाई. फुडल्या आतड्यात जाऊन इरघळंल."

"चरबी कुनाची?"

"गेल्या सालच्या मानकऱ्याची."

रोडक्याचं डोळं भरून आलं. "लई मोठ्या मनाचा गडी! तिकडं जाऊनबी आपल्याला इसरला न्हाई."

मग काय इचारता! रोडक्या असा फुगला, की मापाला वेल पुरंना, दुसरा जोडावा लागला. हार गळ्यात पडला. भीम्याचं तोंड बघन्यासारखं झालं. रोडक्या मान ताठ करून गुहेत शिरला.

जेवन झालं. मास म्हाराजांनी घेतलं, चरबी कोल्ह्यानं मडक्यात भरली. वैद म्हनून वजडी, म्हंजी पोटाची पिशवीबी त्यालाच. वजडीतून जंतू वरडला, "मालक, आमाला खाऊ दिलं असतं तर तुमी..."

फुडचं कोल्ह्यानं गिळलं.

तात्पर्य: पोरांनो, घरात चोर घावला तर त्याला धरू नगा, गूळपानी द्या. त्याच्यापायीच तुमी हाडकुळं हाय, आन् जित्तं हाय. फुकटच्या गोळीची किंमत पडली एक अख्खा गवा, शिंगं सोडून. शिंगं गुहेत ठेवल्यात, फुडल्या सालचा हार अडकवायला.